ताईचा पहिला अल्बम आणि माझं तिसरं बोट

माझी थोरली बहीण एकोणसाठाव्या वर्षी गायिका झाली, असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. गायिका ती सोळाव्या वर्षापासून आहे. एकोणसाठाव्या वर्षी तिचा पहिला अल्बम झाला, एवढंच. आणि तोही माझ्यामुळे होता होता राहणार होता. तेच सांगायला बसलोय, म्हणून कबुली आधी देऊन टाकतो.

ताई एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात होती. तळघरात एक लांबच लांब खोली, एका भिंतीला धुण्याची यंत्रं, दुसऱ्या भिंतीला इस्त्रीचे गरम रूळ. ओलसर चादर एका बाजूने आत घालायची, दुसऱ्या बाजूने ती कडक होऊन बाहेर येते, मग दोघींनी चार कोपरे धरून घडी घालायची. दिवसाला चारशे चादरी. त्या गोंगाटात बोललेलं ऐकू येत नाही पण गायलेलं येतं, असं ताई म्हणायची. ती गायची, आणि वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई काही ना काही निमित्त काढून खाली यायच्या. एका सर्जनने तर एकदा स्वतःचा कोट स्वतः खाली आणून दिला होता. त्यावर डाग शोधून सापडला नाही.

ती गाते त्याला सोल म्हणतात. आमच्या गल्लीत बूट दुरुस्त करणारे काका पहिल्यांदा ऐकून म्हणाले होते, "म्हणजे आमच्याच धंद्यातलं की!" सोल म्हणजे काय हे मला शब्दांत सांगता येत नाही. सूर नुसता लावून भागत नाही, तो पोटातून ओढून वर आणावा लागतो आणि सोडताना जिवावर यावं लागतं. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की ही बाई आपल्याच घरातलं काहीतरी उघड करतेय, आणि तरी तिला गप्प बस म्हणवत नाही.

मी बास गिटार वाजवतो. चार जाड तारांचं, खर्जात बोलणारं वाद्य. बास बंद पडला की लोकांना कळतं काहीतरी गेलं, पण काय गेलं ते कळत नाही. ड्रम वाजवतो तो आमचा पोस्टमन. आता निवृत्त झालाय, पण पस्तीस वर्षं पत्र टाकल्यासारखा ठोका टाकतोय: दारात आला, टाकलं, पुढे गेला. आम्ही तिघं दर शनिवारी संध्याकाळी क्लबच्या हॉलमध्ये वाजवायचो. पुढ्यात तीस-चाळीस माणसं आणि कोपऱ्यात एक बिघडलेला पंखा.

पोटासाठी मी लिफ्टची दुरुस्ती करतो. लोक मला 'घड्याळ' म्हणतात. दहाला येतो म्हटलं की दहाच्या ठोक्याला माझं बोट बेलवर असतं. वेळेच्या बाबतीत मी कोणाची गय करत नाही, ताईचीसुद्धा केली नाही. कारण ताई उशिरा गायची. ठोका पडला, बास आला, आणि ताई त्यानंतर, जरासं मागून, सावकाश. पस्तीस वर्षं मी दर शनिवारी तेच बोलत आलो.

"ताई, ठोक्यावर ये ना!"

"येते रे, येते."

आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच, पालथ्या घड्यावर पाणी. पोस्टमन अशा वेळी खाली वाकून बुटाची नाडी बांधायचा. मला वाटायचं, याची नाडी नेमकी आत्ताच कशी सुटते?

एक किस्सा इथेच सांगून टाकतो, पुढे लागेल. एका जुन्या सहा मजली इमारतीतली लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर फरशीच्या दीड इंच खाली थांबायची. वर्षानुवर्षं. मी दिवसभर खपून ती अगदी पातळीत आणली, वर पाण्याचा थेंब ठेवला तरी हलणार नाही अशी. तर आठ दिवस तिसऱ्या मजल्यावरचे लोक ठेचकाळत होते! बाहेर पडताना पाय उचलायची सवय पायात मुरलेली, आणि पायरीच नाही. एक आजी तर थेट माझ्या अंगावरच आल्या. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, लोकांना चांगलं केलेलं पचतच नाही.

तर ताईचा अल्बम. ती एकतीस वर्षांची असताना एकदा संधी आली होती. रेकॉर्ड कंपनीचा एक माणूस हॉलमध्ये येऊन गेला आणि त्याने तिला बोलावलं. तिला एकटीला, वाजवणारे त्यांचे असणार होते. ताई एका दुपारी गेली आणि संध्याकाळी परत आली. पर्स खुंटीला अडकवत म्हणाली, "जमलं नाही."

मी काय समजायचं ते समजलो. खरे वाजवणारे भेटले, ठोक्यावर येता आलं नाही, हात हलवत परत आली. तसं बोलूनही दाखवलं. "नाचता येईना, अंगण वाकडं." तिने मला वाढलं आणि स्वतः जेवली नाही. पुढे आईचं आजारपण आलं, ताईच्या मुलीचं शिक्षण आलं, आणि अल्बमचा विषय घरात कोणी काढेनासं झालं.

गेल्या वर्षी ताईच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर चांगले होते, गोलगोल बोलले नाहीत. गाठ काढायलाच हवी. ज्या शिरेवर आवाज चालतो ती शीर गाठीला चिकटून आहे. ऑपरेशननंतर बोलता येईल. गाता येईल का, आणि आलं तर हाच आवाज येईल का, हे ते सांगू शकत नव्हते.

मी त्यांच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या गळ्याकडे बघत बसलो होतो. ताईने विचारलं, "किती दिवस आहेत?"

"तीन आठवडे थांबता येईल. त्यापुढे मी थांबू देणार नाही."

"तोवर गायलं तर चालेल?"

"दिवसाला दोन तास. त्याहून एक मिनिट जास्त नाही. आवाज बसला तर मग ऑपरेशनपर्यंत काहीच नाही."

बाहेर आल्यावर जिन्यातच ती म्हणाली, "अल्बम करायचाय. नऊ गाणी. आहे हा आवाज मला ठेवायचाय." बाजारातून काहीतरी आणायचं राहिलंय, अशा सुरात म्हणाली. मी म्हटलं, "ताई, आता? या अवस्थेत?" ती म्हणाली, "मग काय नंतर? नंतर गळा कोणाचा आणू, तुझा?"

चार दिवसांत तिने स्टुडिओ ठरवला. कसा जमवला ते विचारू नका, मलाही सांगितलं नाही. सोमवार ते शनिवार, पुढच्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार, असे दहा दिवस. त्यापुढच्या सोमवारी ऑपरेशन.

स्टुडिओ एका व्यापारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होता. खाली चष्म्याचं दुकान, मधे दोन वकिलांची ऑफिसं. आत एक मोठी खोली, भिंतींना आवाज शोषणारा करडा फोम, आणि काचेपलीकडे छोटी खोली, त्यात रेकॉर्डिस्ट. तिशीतली मुलगी, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. मला काका म्हणायची, ताईला मावशी.

आता माझा शहाणपणा ऐका. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की हे हॉलमधलं शनिवारचं वाजवणं नव्हे, इथे शिस्तीने काम होईल. हल्ली कसं करतात ते मी शोधून आलो होतो. आधी कानात ठरलेल्या वेगाची टिकटिक लावून ड्रम घ्यायचे, मग त्यावर बास, आणि सगळं पक्कं झालं की शेवटी ताई एकटी गाणार. म्हणजे तिला उशीर करायला वावच नाही. ताईने विचारलं, "आपण तिघं एकत्र नाही वाजवायचं?"

"ताई, दोन तासांचा गळा आहे तुझा. आमच्या चुकांवर तो खर्च करायचा का?"

हे तिला पटलं. तेवढं बोलणं खरंच बरोबर होतं, आणि म्हणूनच घात झाला.

दोन दिवसांत मी आणि पोस्टमनने नऊच्या नऊ गाणी वाजवून टाकली. निघताना मी ऐटीत रेकॉर्डिस्टला म्हटलं, "कुठे जरा इकडेतिकडे झालं असेल तर तुमच्या मशीनवर नीट करून घ्या." ती म्हणाली, "हो काका." बस, एवढंच. तिने मान वर केली नाही, हे मला त्या वेळी खटकलं नाही.

बुधवारी ताई आली. पावणेदहाला, माझ्याही आधी. कोमट पाण्याचा थर्मास, कामावर घालायची ती सपाट चप्पल, केस घट्ट बांधलेले. कानावर हेडफोन चढवले, गाणं सुरू झालं, ती गायला लागली, आणि दुसऱ्याच ओळीत कोसळली.

कोसळली म्हणजे पडली नाही. ओळ घ्यायला म्हणून श्वास घेतला, आणि गाणं पुढे निघून गेलं. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. काचेतून मला तिचा चेहरा दिसत होता. हातातून चादरीचा कोपरा सुटला की कसं बघावं, तसं ती बघत होती. मधेच हेडफोन काढून तिने विचारलं, "हा बास कोण वाजवतंय?"

मला झोंबलं. "कोण म्हणजे? मीच! दुसरं कोण?"

"तूच ना?" ती म्हणाली. "बरं."

मी तसं सांगितलं म्हणून तिने विश्वास ठेवला, आणि त्या क्षणापासून ती स्वतःच्या कानांवर संशय घ्यायला लागली. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. रोज दोन तास ती उभी राहायची, बसायला खुर्ची दिली तरी बसायची नाही. रोज एकेक ओळ तीस-तीस वेळा. एक धड कडवं हाती लागलं नाही. मी काचेमागून हाताने ताल दाखवायचो, "आता! ताई, आता!" करून ओरडायचो. शुक्रवारी बाहेर पडताना तिने गळ्यावर हात ठेवून विचारलं, "गाठीमुळे कानसुद्धा बिघडतात का रे?" आणि मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "कान नाही, सवय. पस्तीस वर्षं सांगतोय."

घरी बायकोला हे सांगितलं. ती माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बरं दिसतं तुम्हाला." मला वाटलं, हिचं नेहमीचंच.

शनिवारी, सहाव्या दिवशी, ताई आली ती पोस्टमनला बरोबर घेऊन. म्हणाली, "तुझ्या फोनवर मागच्या महिन्यातली प्रॅक्टिस आहे ना, ती लाव." पोस्टमन चुळबुळला, पण लावली. फोनचा चिरका आवाज, त्यात आम्ही तिघं, कोपऱ्यातल्या पंख्याची खडखड. ताई डोळे मिटून ऐकत होती आणि ऐकता ऐकता बरोबर गायला लागली. हळू आवाजात, पण एकही जागा न चुकता. कडवं संपलं तेव्हा ती सरळ काचेच्या खोलीत गेली आणि रेकॉर्डिस्टसमोर उभी राहिली.

"फोनमधला बास माझ्या भावाचा आहे. तुमच्या मशीनमधला कोणाचा आहे?"

त्या मुलीचे कान लाल झाले. माझ्याकडे बघितलं, पोस्टमनकडे बघितलं. पोस्टमन नाडी बांधायला वाकला.

"काकांचाच आहे, मावशी," ती म्हणाली. "पण मी सरळ केलाय. सगळा. प्रत्येक स्वर मागे पडत होता, तो उचलून टिकटिकीवर ठेवला. काकांना कसं सांगायचं म्हणून बोलले नाही. ते म्हणालेच होते, नीट करून घ्या."

"मागे पडत होता?" मी म्हटलं. "माझा?"

तिने पडद्यावर दाखवलं. उभ्या रेघा म्हणजे टिकटिक. खाली मी मुळात वाजवलेला बास, एकेक स्वराचा फुगवटा. प्रत्येक फुगवटा रेघेच्या मागे. एखाद-दुसरा नाही, झाडून सगळे, आणि अंतरही जवळजवळ सारखंच. वर तिने फोनमधला आवाज आणून ठेवला आणि ताईची सुरुवात कुठे होते ते बोटाने दाखवलं. माझ्या फुगवट्याच्या अगदी लगत. केसभरही मागे नाही.

मी पडद्यावर बोट ठेवून एकेक फुगवटा पुन्हा मोजत गेलो.

मी एकोणीस वर्षांचा असताना, उमेदवारीच्या पहिल्या वर्षात, लिफ्टच्या कप्पीत माझा डावा हात गेला होता. तिसऱ्या बोटाचं वरचं पेर तेव्हापासून वाकत नाही. सहा महिने बास हातात धरता आला नाही. मग धरला, आणि पहिल्याच दिवशी ताईने म्हटलं होतं, "अगदी पहिल्यासारखं." मी ते खरं मानलं होतं. ते बोट तारेवर पोचायला जरा वेळ घेतं, आणि त्याच्यासाठी थांबता थांबता बाकीची तीनही बोटं थांबायला शिकली होती. हे सगळ्यांना माहीत होतं. ताईला, पोस्टमनला, माझ्या बायकोला, आणि दोन दिवसांत त्या मुलीलाही. फक्त घड्याळाला माहीत नव्हतं.

मी बास खाली ठेवला. "दुसरा कोणी आणा," म्हटलं आणि बाहेर पडलो. लिफ्ट बोलावली, आत शिरलो, आणि बटण दाबलंच नाही. दार उघडं ठेवून आत उभा राहिलो. मला राग आला होता, म्हणजे लाज वाटत होती. माझ्यात त्या दोन्हींचा चेहरा एकच दिसतो.

ताई आली आणि दारात एक पाय ठेवून उभी राहिली, लिफ्ट बंद होऊ नये म्हणून.

"पस्तीस वर्षं थांबलीस माझ्यासाठी," मी म्हटलं. "आणि मी तुलाच शिव्या घालत होतो. त्या कंपनीचं कामसुद्धा माझ्यापायी सोडलंस."

"उगाच मोठेपणा घेऊ नकोस," ताई म्हणाली. "तुझ्यापायी कोण सोडतंय! तिथे ते सगळे इतके वेळेवर वाजवत होते की मला श्वास घ्यायला जागाच नव्हती. सुरुवातीला थांबले मी तुझ्यासाठी, हो. तू आरशासमोर बसून बोट वाकवून बघायचास, ते बघवायचं नाही मला. म्हणून थांबायचे. वर्ष-दोन वर्षं. मग एक दिवस लक्षात आलं, त्या थांबण्यात मला काहीतरी सापडतंय. ठोका पडतो, तू अजून आलेला नसतोस, आणि मधे एक फट राहते. माझं गाणं त्या फटीत आहे. लोक ज्याला ताईचं गाणं म्हणतात ना, ते तिथे राहतं. तू वेळेवर आलास तर मी बेघर."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू दुरुस्त केलं असतंस."

मला तिसऱ्या मजल्यावरच्या त्या आजी आठवल्या. माझ्या अंगावर येऊन पडल्या होत्या, आणि मी त्यांनाच म्हणालो होतो, खाली बघून चालत जा.

लिफ्टचं दार ताईच्या पायावर आपटून पुन्हा उघडलं. "चल," ती म्हणाली. "पाय दुखतोय माझा."

आत गेल्यावर रेकॉर्डिस्ट म्हणाली, "मावशी, काकांचं मूळ वाजवलेलं सगळं जपून ठेवलंय. त्यावर गा, म्हणजे वेळ वाचेल." ताईने दोन ओळी गाऊन बघितल्या. जमत होत्या. पण तिने हेडफोन काढले. "यात तो टिकटिकीमागे धावतोय बिचारा. सगळं पुसा. सोमवारपासून आम्ही तिघं एका खोलीत वाजवतो. टिकटिक नको, हेडफोन नको."

"मावशी, चार दिवस राहिलेत. रोजचे दोन तास. नऊ गाणी. एकत्र घेतलं तर नंतर काहीच दुरुस्त करता येणार नाही."

"तेच पाहिजे मला," ताई म्हणाली.

रविवारी ती एक शब्द बोलली नाही. गळा राखून ठेवत होती. आपल्या लेकीशीसुद्धा पाटीवर लिहून बोलली. मी दिवसभर घरी बसून होतो आणि बासला हात लावला नाही. लावला असता तर सराव केला असता, आणि सराव केला असता तर सुधारलो असतो.

सोमवारी आम्ही गोल करून बसलो, ताई मधे उभी, माझ्यापासून दोन हातांवर. पोस्टमनने चार मोजले. आणि मी, इतकं सगळं होऊनसुद्धा, घाई केली. जन्माची खोड. कोणीतरी 'तू उशिरा येतोस' म्हटल्यावर घड्याळाने काय करायचं? बोट आधीच उचलून ठेवलं आणि ठोक्यावर टाकलं. ताईने हात वर करून थांबवलं.

"हा बास कोण वाजवतंय?"

या वेळी मला झोंबलं नाही. हसायला आलं. ती म्हणाली, "तू तुझ्या वेळेला ये. मी आहे इथे."

मग मी माझ्या वेळेला गेलो. ठोका पडला, बोट निघालं, पोचायला लागतो तेवढा वेळ त्याने घेतला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच मला ती फट ऐकू आली. ताई तिच्यात उभी होती. श्वास घेत होती. आणि माझा स्वर लागला त्याच क्षणी तिने ओळ उचलली.

सोमवारी दोन गाणी झाली, मंगळवारी तीन. बुधवारी आवाज जड झाला होता. पहिलं गाणं पाच वेळा घेऊन सोडून द्यावं लागलं. तिने थर्मासचं झाकण लावलं, अर्धा तास भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि मग त्याच उभ्या जागी लागोपाठ दोन गाणी गाऊन मोकळी झाली. रेकॉर्डिस्ट काचेमागे उभीच होती. तिलाही बसवत नव्हतं.

गुरुवारी दोन राहिली होती, सोडलेलं एक आणि शेवटचं. शेवटचं ताईने स्वतः लिहिलेलं, अल्बमचं नावही तेच: 'जिन्यात आहे'. त्याची ओळ अशी, "दार लावू नकोस, मी जिन्यात आहे." आईच्या आजारपणात लिहिलं होतं. कामावरून धावत यायची तेव्हा चार मजले चढताना मनात म्हणायची म्हणे. आमच्या इमारतीची लिफ्ट त्या काळात बंद असायची, आणि ती दुरुस्त करायला मला सवड नव्हती. हेही लिहून ठेवतो.

सोडलेलं गाणं व्हायला वेळ गेला. 'जिन्यात आहे' सुरू केलं तेव्हा दोन तासांतली सहा मिनिटं उरली होती. म्हणजे एकदाच. शेवटच्या कडव्यात, 'जिन्यात' या शब्दावर, ताईचा आवाज फाटला. सुती कापड जुनं झालं की धुताना विरतं, तसा. ती थांबली नाही. विरलेल्याच आवाजाने ओळ पुरी केली, आणि मी वाजवत राहिलो, आणि पोस्टमनने शेवटचा ठोका दारात टाकला.

रेकॉर्डिस्ट काचेमागून म्हणाली, "मावशी, तेवढी एक ओळ पुन्हा घ्यायची का? बेमालूम जोडून देईन मी."

ताईने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. एक मिनिट होतं. तिने मान हलवली. "राहू दे. त्या दिवशी एवढाच होता आवाज. ऐकणाऱ्याला कळू दे."

सोमवारी ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. तीन आठवडे बोलायचं नाही असा हुकूम होता, आणि अल्बम त्याच तीन आठवड्यांत तयार होऊन आला. आम्ही तो तिच्या स्वयंपाकघरात, टेबलाशी बसून ऐकला. ताई नऊ गाणी संपेपर्यंत हलली नाही. मग पाटी ओढून तिने लिहिलं, "चौथ्या गाण्यात तू वेळेवर आलायस. दोनदा." आणि खाली रेघ मारून, "पुन्हा असं करू नकोस."

आवाज परत आला, पण तो नाही. खालचा आहे, धुरकट, वरच्या पट्टीला जातच नाही. पहिल्या दिवशी ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो. ताई रडली नाही. "ठेवलाय ना तो," म्हणाली, "आता हा बघू काय म्हणतो." महिन्याभराने तिने मला बास घेऊन बोलावलं. मी दहाच्या ठोक्याला बेल वाजवली.

'जिन्यात आहे'च घेतलं. श्वास पूर्वीसारखा पुरत नाही तिला. दुसऱ्या ओळीआधी तो गोळा करायला वेळ लागत होता. माझं बोट तारेवर पोचलं होतं. मी ते तसंच ठेवलं, दाबलं नाही. ती येईपर्यंत.

तिच्या लगेच लक्षात आलं. गाणं थांबवून म्हणाली, "तू थांबलास?"

"नाही गं," मी म्हटलं. "बोट आखडलं होतं."

ताईने माझ्या तिसऱ्या बोटाकडे बघितलं. मग म्हणाली, "अगदी पहिल्यासारखं," आणि पुन्हा श्वास गोळा करायला लागली.